मिराम्बेलची गोगलगाय

१

गोगलगायीचे डोळे तेवढे शाबूत होते. पांढऱ्या चिनी मातीचे दोन कप उलटे बसवून ते केलेले होते, आणि आता दोन्ही फरशीवर पडून छताकडे बघत होते. बाकीच्या गोगलगायीचा चुरा झाला होता. शंभरहून जास्त वर्षं होटेल मिराम्बेलच्या भोजनगृहात, शेकोटीशेजारच्या भिंतीवर ती अंग पसरून बसली होती. आणि सांत जोर्दीच्या सणाच्या दिवशी, भर दुपारी, सगळं बार्सिलोना रस्त्यावर गुलाब आणि पुस्तकं घेत फिरत असताना कुणीतरी हातोड्यानं तिचा निकाल लावला होता.

मी तीन वाजता पोचले. विमा कंपनीतर्फे जुन्या इमारतींचं नुकसान तपासायचं काम मी एकतीस वर्षं करते आहे. आधीच सांगून टाकते, आमच्या शहरातल्या या वेलबुट्टीच्या इमारतींचा मला मनापासून तिटकारा आहे. सरळ म्हणून एक रेघ नाही. जिन्याच्या कठड्याला लोखंडी शेवाळ, दाराच्या मुठीला तोंड वासलेला मासा, खिडकीच्या काचेत सुजलेली कमळं. माझे आजोबा गिलाव्याचे कारागीर. असल्याच एका घराच्या छताला लिलीची फुलं काढता काढता त्यांच्या छातीत चुना बसला आणि बावन्नाव्या वर्षी ते खोकत खोकत गेले. लिली अजून तिथंच आहेत. लोक माना वर करून त्यांचे फोटो काढतात.

त्यात ही गोगलगाय. माणसापेक्षा उंच, हिरवट तपकिरी, कायम ओली असल्यासारखी चमकणारी. टाइल्स फोडून, एकेक तुकडा चुन्यात बसवून केलेली. तिच्यासमोर बसून लोक लसूण घातलेल्या गोगलगायी काडीनं उकरून खात. मी इथं कामासाठी कितीदा आले असेन, पण कधी जेवले नाही. पुढच्या महिन्यात तशीही येणारच होते, विम्याच्या फेरतपासणीला, टाइल्सचा जाणकार बरोबर घेऊन.

"नेउसबाई, हे माझं एकट्याचं नुकसान नाही हो," ओलेगेर मिराम्बेल म्हणाला. हा मालक, घराण्याची चौथी पिढी. अंगात तागाचं जाकीट, आणि डोळ्यांत पाणी. पाणी आणायला त्याला वेळ लागत नाही. नगरपालिकेनं बाहेरचा दिवा बदलला तेव्हाही तो रडला होता. "अख्ख्या कातालोनियाचं नुकसान आहे."

"कातालोनियाचा विमा आमच्याकडे नाही," मी म्हटलं. "कुणी केलं, काही कळलं?"

"कळलं. तेच जास्त लागलंय मनाला." त्यानं आवाज खाली आणला. "हातोडा सापडला. गच्चीवर, आमच्या रेमेयच्या बादलीत, ओल्या फडक्याखाली."

२

रेमेय कुनिल ही होटेलातली सगळ्यात जुनी सफाईवाली. सव्विसाव्या वर्षी आली, आता चौसष्टची आहे. गच्चीवरच्या एका खोलीत राहते. ती खोली पाडून तिथं बार आणि पोहायचा तलाव करायचं ठरलंय, आणि तीन आठवड्यांपूर्वी तिला खोली सोडायची नोटीस गेली आहे, हे मला ओलेगेरनंच सांगितलं. सांगताना तो हात चोळत होता.

"नोटीस मिळाली त्या दिवशी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणाली, गोगलगायीला एवढी मोठी भिंत आहे, मला दहा फुटांची खोली नाही. मी मनावर घेतलं नाही. घरचंच माणूस, बोलणारच."

"घरचं माणूस, आणि नोटीस?"

"तुम्ही फार कडू बोलता, नेउसबाई."

वेळेचा हिशेब सोपा होता. अकरा वाजता रेमेयनं गोगलगाय पुसली, तेव्हा ती धड होती. वाढपी दोघांनी पाहिलं होतं. मग सण म्हणून भोजनगृह बंद करून सगळे बाहेर गेले. होटेलच्या दारात पुस्तकांचं टेबल होतं, समोर बँड वाजत होता आणि लोक हात धरून गोल नाचत होते. त्या आवाजात आत तोफ उडाली असती तरी कळलं नसतं. सव्वा वाजता डॉक्टर ब्लांका फाब्रेगा, या होटेलच्या वास्तुकलेवर जाडजूड पुस्तक लिहिलेल्या बाई, आत आल्या आणि किंचाळल्या. दोन वाजता मालकानं वाढप्यांना बरोबर घेऊन गच्चीवर शोध घेतला. गच्चीच्या दाराची किल्ली एकट्या रेमेयकडे असते. फोटो काढायला पर्यटक वर घुसतात म्हणून ती दार कायम लावून ठेवते. तिनंच दार उघडून दिलं आणि तिच्यासमोर हातोडा निघाला.

"मला पोलीस नकोत," ओलेगेर म्हणाला. "म्हातारपणी तिला कशाला कोर्टात उभी करायची? आठवड्यात खोली मोकळी करू दे, मी विसरून जाईन. तुम्ही अहवालात लिहा, कर्मचाऱ्याकडून तोडफोड."

म्हणजे भरपाईही मिळाली आणि गच्चीही मोकळी झाली. खाली बसून फरशी बघायला लागले.

ती छापाच्या फरश्यांची जमीन आहे, निळी आणि विटकरी. मऊ असते ही फरशी, साधी पळी पडली तरी टवका उडतो. इथं एवढं मोठं चित्र फुटून वरून खाली आलं होतं आणि एक टवका उडालेला नव्हता. चिनी मातीचे कपसुद्धा फुटले नव्हते. मी कपाटं उघडली. पहिल्या दोन्हींत सामान उचकलेलं होतं. तिसऱ्या कपाटात टेबलांवर चादरीखाली घालायची जाड बनात कोंबलेली होती. ती ओढून उलगडली तर हिरव्या चकाकीचा चुरा माझ्या बुटांवर सांडला.

"बघा," ओलेगेर लगेच म्हणाला. "फोडायच्या आधी बनात अंथरली. फरशीची एवढी माया कुणाला असणार? अडतीस वर्षं रेमेयनंच तिला मेण लावलंय."

पटण्यासारखं होतं. ते पटू नये असं मला वाटत होतं, पण पटण्यासारखं होतं. मी त्याला बाहेर पाठवलं आणि तुकडे जुळवायला बसले.

हे काम करणाऱ्यांची एक पद्धत आहे. कारागीर अख्खी टाइल हातात घेतो, ठोका मारून फोडतो आणि तिचेच तुकडे शेजारी शेजारी लावत जातो, मध्ये नखभर फट सोडून. तुकडा वाया घालवत नाही आणि दुसऱ्या टाइलचा शोधत बसत नाही, कारण चुना वाळत असतो. त्यामुळे खरं जुनं काम उखडलं की त्या तुकड्यांतून परत अख्ख्या टाइल्स उभ्या राहतात. मी दोन इमारतींत हे स्वतः करून पाहिलंय. आजच्या हातोड्यानं फुटलेल्या कडा ताज्या होत्या, त्या एकमेकींना बरोब्बर बसत होत्या. मला बघायच्या होत्या त्या चुना लागलेल्या, आधीच्या कडा.

दीड तास मी गुडघ्यांवर होते. आधीची कड आधीच्या कडेला एकदाही जुळली नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या टाइलमधून, मापानं कापून काढलेला होता. समोर फोटो ठेवून कुणीतरी तो तसा काढला होता.

फुटली होती ती मिराम्बेलची गोगलगाय नव्हतीच.

३

लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत जाते, पुढं अरुंद लोखंडी जिना. रेमेयनं किल्ली फिरवून दार उघडलं. बुटकी, रुंद हाडाची बाई. हात कोपरापर्यंत लाल. खोलीत एक पलंग, एक शेगडी, खिडकीत तुळशीसारख्या झाडाची एक कुंडी. बाहेर कठड्याला ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारची वाळकी झावळी बांधलेली होती.

"बसा बाई. कॉफी टाकू?"

"नको. रेमेयबाई, काय म्हणतात ते कानावर आलंय ना?"

"आलंय." तिनं एप्रनला हात पुसले. "खोलीचं म्हणाल तर ती जाणारच होती. रेउस गावात पुतणी आहे, तिच्या बैठकीत पडून राहीन. पण मी फोडलं म्हणून मला काढणार, हे नको. लोक काय म्हणतील, जिथं खाल्लं तिथंच घाण केली."

"गोगलगायीचा राग नव्हता तुम्हाला?"

"राग कसला? रोज शिव्या द्यायचे मी तिला. पाठीवर एक तुकडा वर आलेला होता, हा असा माझ्या खांद्याएवढ्या उंचीला. रोज फडकं अडकायचं, धागे निघायचे. अख्खी पाठच दातरी होती मेलीची." ती जरा हसली. "आता नाही अडकत."

"कधीपासून?"

"ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दालन बंद होतं ना, पडदा लावून? सात आठवडे. धुराचे डाग काढायचे म्हणून. आपला टाइलवाला किर्झे एकटाच आत असायचा. पवित्र आठवड्यात उघडलं. मी फडकं घेऊन गेले तर हात कसा टेबलावरून फिरावा तसा फिरला. म्हटलं, हे काय? माझा हात बधिर झाला का काय वयानं?"

"बोललात कुणाला?"

"मालकांना बोलले. म्हटलं मालक, गोगलगाय गुळगुळीत झाली हो. हसले ते. म्हणाले, किर्झेनं छान साफ केलीय. तुझं लक्ष असतं बाई सगळीकडे, म्हणाले. मग चार दिवसांनी ती नोटीस आली, आणि माझं ते सगळं डोक्यातून गेलं."

तिनं दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या आणि तिला त्यांचा संबंध दिसला नाही. मला बघवेना तिच्याकडे.

"आज गच्चीवर कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"नक्की?"

"दार लावलेलं असतं बाई. मीच उघडणार, मीच लावणार. कुणी नाही आलं."

खिडकीत पाण्याच्या पेल्यात एक लाल गुलाब होता, बरोबर गव्हाची लोंबी, देठाला फीत बांधलेली. मी विचारलं, हा कुठून आला. तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"मालकांनी दिला. दरवर्षी खाली दारातच वाटतात सगळ्या बायकांना, मलाही तिथंच मिळतो. आज साडेबाराला स्वतः वर आले. एवढा जिना चढून. म्हणाले, रेमेय, तुझा गुलाब मी हातानं घेऊन आलोय, मागचं मनात ठेवू नकोस. अडतीस वर्षांत पहिल्यांदा, बाई. मला भरूनच आलं. मी पेल्यात पाणी घ्यायला आत गेले ती जरा वेळ तिथंच थांबले, तोंडबिंड धुतलं. बाहेर आले तोवर गेले होते ते."

"हातात काही होतं त्यांच्या?"

"गुलाबांची टोपली. मोठी होती."

"आणि तुमची बादली?"

"ही काय, दाराशी. तिथंच असते."

मालक वर येणं म्हणजे कुणी येणं, हे त्या बाईच्या डोक्यात येतच नव्हतं, आणि हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

४

किर्झे बोनास्त्रेचं कामाचं ठिकाण होटेलच्या मागच्या चौकात आहे. पन्नाशीचा माणूस, बोटांना सिमेंटच्या भेगा. शहरात टाइल्सचं जुनं काम दुरुस्त करणारे चौघे उरलेत, त्यातला सगळ्यात चांगला हा, असं तो स्वतः सांगतो. मी दारातच उभी राहिले.

"गोगलगाय नकली होती," मी म्हटलं.

त्यानं सिगारेट पेटवली. "असेल. मला काय माहीत?"

"तुम्हाला काय माहीत असणार? तुमच्या हातचं काम नाही ते. कुणीतरी शिकाऊ पोरानं केलंय. तुकडे कापून बसवलेले, पाठ थाळीसारखी सपाट. रंग तर असे लावलेत की अंधारातसुद्धा कळावं."

त्याचे कान लाल झाले.

"सपाट," तो म्हणाला. "सपाट होणार नाही तर काय होणार? जमिनीवर जाळीवर चिकटवून उचलून लावायची म्हटल्यावर? मूळ कारागिराला दोन वर्षं लागली होती. मला चाळीस दिवस दिले. चाळीस दिवसांत ते हिरवे सात रंग मी भाजून आणले, सात. शहरात दुसऱ्या कुणाला जमलं असतं तर दाखवा."

मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो खाली बसला.

"मूळची कुठं आहे?"

"मी भिंतीसकट कापून काढली. अख्खी. एक तुकडा हलू दिला नाही. लाकडी पेट्यांत भरली, फ्रान्सच्या नंबरपाटीचा ट्रक आला. मालक म्हणाले, सुरक्षित जागी ठेवायचीय."

"कुठं, ते विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं ना त्यांनी."

हे उत्तर मी बरेच दिवस विसरणार नाही. "आज रेमेयबाईंवर आळ आला ते समजलं?"

"समजलं."

"दहा वाजता तुम्हाला कॉफी कोण आणून देतं?"

"तीच देते." त्यानं धूर सोडला. "मी फोडली नाही. आपल्या हातचं काम कोण फोडेल? मला सांगितलंसुद्धा नाही त्यांनी, फोडणार म्हणून."

त्याचं दुःख एवढंच होतं. मी तिथून निघाले.

५

डॉक्टर ब्लांका फाब्रेगा दारातल्या टेबलाशी बसून पुस्तकांवर सह्या करत होत्या. मुखपृष्ठावर गोगलगाय. ती फुटल्याची बातमी पसरल्यापासून रांग वाढली होती. बाई पंचावन्नच्या असतील, गळ्यात काचेच्या मण्यांची मोठी माळ. प्रत्येकाला मान हलवून हळहळ दाखवत होत्या.

"डॉक्टर, तुम्ही आत कशाला गेला होतात?" मी शेजारची खुर्ची ओढून बसले.

"पुस्तकं आणायला. ओलेगेर म्हणाला, संपत आलीत, आतून एक खोकं घेऊन ये."

मी वाकून टेबलाखाली पाहिलं. "इथं एक न उघडलेलं खोकं आहे."

"हो, म्हणजे तेव्हा तीन होती."

"मग?"

"मी म्हटलं त्याला, आहेत खाली. तो म्हणाला असू दे, तरी आण. भोजनगृहातून जा, जवळ पडेल." त्यांनी माळ सारखी केली. "तेव्हा काही वाटलं नाही मला."

"आणि नंतर वाटलं?"

त्या पेनाचं टोपण लावत बसल्या.

"गोगलगाय बदललीय हे तुम्हाला कधी कळलं?"

मी अंदाजानं खडा टाकला होता, तो बरोबर लागला. त्यांनी रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शंका आली होती. ईस्टरच्या सुमारास. उजेडात चकाकी जरा वेगळी वाटली. पण नेउसबाई, शंका म्हणजे पुरावा नव्हे. दुसरी आवृत्ती छापखान्यात गेली होती, ओलेगेरनंच तिचा खर्च उचललाय. खात्री नसताना एखाद्या घराण्याच्या नावाला..."

"एका बाईच्या नावाचं काय?"

"कुठल्या बाईच्या?" त्यांनी खरंच विचारलं. ढोंग नव्हतं. त्यांच्या सहाशे पानांच्या पुस्तकात ती गोगलगाय रोज कोण पुसतं याला एक ओळ नव्हती.

रांगेतली मुलगी पुढे आली. डॉक्टरांनी हसून लिहिलं, "सौंदर्य जपणाऱ्या हातांसाठी", आणि झोकदार सही केली. मी उठले आणि हात धुवायला आत गेले. साबण लावून दोनदा धुतले.

६

ओलेगेर भोजनगृहात एकटाच होता. बाहेर अजून उजेड होता, रंगीत काचेतून त्याच्या तोंडावर हिरवा डाग पडला होता.

"काय मग?" तो म्हणाला. "झाला अहवाल?"

"झालाय. तुम्हाला ऐकवते. खरी गोगलगाय तुम्ही उपासाच्या दिवसांत विकलीत. तिच्या जागी किर्झेची नक्कल आली. पुढच्या महिन्यात मी जाणकार घेऊन येणार होते, त्याच्या आधी नक्कल नाहीशी व्हायला हवी होती. भरपाई मिळाली असती हा वरचा फायदा."

"किर्झे काहीही बरळतो."

"तुकडे बरळत नाहीत. एकही जुनी कड जुळत नाही. आणि बळी म्हणून रेमेयच का? तर गोगलगाय गुळगुळीत झाली हे तुम्हाला सांगायला तीच आली होती. डॉक्टरांना कळलं, त्या गप्प बसल्या. किर्झेला माहीत होतं, तो गप्प बसला. ही एकटी बोलली, तेही तुमच्या काळजीनं. चार दिवसांत तिला नोटीस. पण नुसती काढली असती तर बाहेर जाऊन बोलली असती. फोडणारी ठरवून काढली, की तिच्या बोलण्याला किंमत नाही."

"हातोडा तिच्याकडे निघालाय."

"गुलाबांच्या टोपलीतून वर गेला तो. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही तिच्यासाठी जिना चढलात. ती आत जाऊन रडत होती तेव्हा तुम्ही बादलीत हात घातलात. मग खाली येऊन, टेबलाखाली तीन खोकी असताना डॉक्टरांना चौथं आणायला पाठवलंत, म्हणजे बोंब दुसऱ्यानं मारावी."

"आणि बनात?" तो आता हसत होता. "ती मी अंथरली? मला माहीतसुद्धा नाही कुठल्या कपाटात असते."

"म्हणूनच दोन कपाटं उचकलीत आणि कोंबलीत तिसऱ्यात. चुऱ्यासकट. रेमेयनं ती आधी गच्चीवर नेऊन झटकली असती, सवयीनं, खून करून आली असती तरी. बनात झटकायची असते हे या घरात फक्त एका माणसाला ठाऊक नाही. आणि माया नव्हती हो तुम्हाला फरशीची. जानेवारीत तिचा विमा तुम्ही कमी करून घेतलात, कागद माझ्याच हातून गेलेत. फुटली असती तर तुमच्या पदरचं गेलं असतं."

तो रडला नाही. मी वाट बघत होते रडायची. त्यानं फोन काढला, खिडकीशी जाऊन दोन मिनिटं बोलला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे माझे साहेब होते.

"नेउस, छान काम केलंस," ते म्हणाले. "मिराम्बेल दावा मागे घेतायत. आपल्याला एक पैसा द्यावा लागत नाही. आता घरी जा, सण आहे."

"साहेब, चोरी झालीय."

"त्यांच्याच घरातली त्यांचीच वस्तू. संरक्षित वारसा आहे वगैरे ते सरकार बघेल. आपण कशाला? जा घरी."

एकतीस वर्षं मी यांच्यासाठी काम करते. त्या क्षणी मला त्या होटेलातल्या सगळ्या लोखंडी शेवाळाची आणि काचेच्या कमळांची जेवढी किळस आली नाही तेवढी त्या शांत, समाधानी आवाजाची आली.

ओलेगेरनं रेमेयला खाली बोलावलं. ती एप्रन सरळ करत आली आणि चुऱ्यापासून चार पावलं लांब उभी राहिली.

"बस, रेमेय. बस गं." त्यानं स्वतः खुर्ची ओढून दिली. "झालं गेलं सगळं मिटलंय. कुणी तुला काही म्हणणार नाही. आणि ती खोली तुझी, तू आहेस तोवर. तलाव छोटा करू. फक्त या कागदावर सही कर. गोगलगायीत तुला कधी काही बदल जाणवला नाही, आणि आज जे झालं तो अपघात होता."

रेमेयनं कागद घेतला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं, थोडक्यात. ट्रक, नक्कल, टोपली, बादली. बादलीचं ऐकताना तिनं एकदाच मालकाकडे पाहिलं आणि त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"कसला अपघात?" तिनं विचारलं.

"अगं, साफ करताना शिडी घसरली, असं काहीतरी."

"शिडी कुणाची?"

त्यानं कागद परत तिच्यापुढे केला.

"म्हणजे माझीच," ती म्हणाली. "म्हणजे फोडली मीच."

"चुकून, रेमेय. चुकून. चूक कुणाच्याही हातून होते."

"माझ्या हातून नाही झाली. अडतीस वर्षांत या घरातली एक बशी फुटली नाही माझ्या हातून. तुमच्या आईसाहेब होत्या तेव्हापासून. विचारा हवं तर."

"खोलीचा विचार कर," ओलेगेर म्हणाला. आवाज अजून गोडच होता. "या वयात कुठं जाशील?"

तिनं एप्रन सोडला, त्याची घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग मला म्हणाली, "बाई, पोलीस ठाणं आज उघडं असतं का?"

"असतं."

"मला लिहिता नीट येत नाही. तुम्ही याल?"

आम्ही चालत गेलो. रस्ता भरून माणसं होती, पायाखाली गुलाबाच्या पाकळ्यांचा चिखल झाला होता. मी उद्या साहेबांना काय सांगायचं याचा विचार केला नाही, कारण मीही जबाब देणार हे ठरून गेलं होतं.

ठाण्यावरचा शिपाई तरुण होता, सभ्य होता. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं. मग पत्ता विचारला.

"होटेल मिराम्बेल," रेमेय म्हणाली. "गच्ची."

"तिथंच राहता? कायमचा पत्ता आहे का हा?"

"नाही," ती म्हणाली. "आजच्या रात्रीपुरता आहे. लिहा तुम्ही." आणि ती सांगायला लागली.